नेमाच्या मागे

१० सप्टेंबर

पहाटे पुन्हा डुकरं येऊन गेली. ओढ्याकडच्या खाचरात भात पोटरीत आलं होतं, तिथे आता कोणी गादी टाकून झोपून उठावं तसं सपाट झालंय. बाबा ठासणीची बंदूक घेऊन धावले आणि बार काढला तो थेट आमच्याच फणसाच्या खोडात. डुकरं त्यांच्या उजव्या हाताला होती. मी मागून सांगत होते, उजवीकडे, उजवीकडे.

बाबा म्हणाले, "बंदूक म्हातारी झाली. नळी वाकडी मारते."

आई चुलीजवळून काहीतरी बोलायला गेल्या, पण गप्प बसल्या. सासूबाई अशा मधेच थांबल्या की मला उगाच धास्ती वाटते.

संदीपला फोन लावला, लागला नाही. बोट पोरबंदरच्या पुढे गेली की रेंज नसते. शेताचं काही ठरवायचं असलं की माझा नवरा नेमका समुद्रात असतो.

१५ सप्टेंबर

बाबांना घेऊन तलासरीच्या सरकारी कार्यालयात गेले. बंदूक बदलून काडतुसाची घ्यायची तर काय करावं लागतं ते विचारायला. खिडकीतल्या बाईंनी नीट सांगितलं. परवान्यात बदल करावा लागेल, शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, त्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, शिवाय डॉक्टरांचा दाखला.

"संदीप पाळण्यातसुद्धा नव्हता तेव्हापासून मी बंदूक चालवतो. मला कोण शिकवणार?" बाबा म्हणाले.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, काका. तुम्हाला येत असेल तर तुमचं सोपं जाईल. आधी डॉक्टरांकडे जाऊन या."

डॉक्टरांचं ऐकलं आणि बाबा उठले. बाहेर जाऊन रिक्षात बसले, तेही भलत्याच, उधव्याला निघालेल्या. हात धरून उतरवावं लागलं. रागावले की त्यांना पुढचं काही दिसत नाही.

त्यांना झाडाखाली बसवून मी परत आत गेले. आणखी काही वाट आहे का, विचारलं. बाई म्हणाल्या, वय झालं असेल तर परवाना वारसाच्या नावावर होतो. मुलगा, मुलगी, सूनसुद्धा. मात्र म्हाताऱ्यांची लेखी संमती लागेल आणि प्रशिक्षण ज्याच्या नावावर होणार त्याने घ्यायचं.

मी गेले होते संदीपचं विचारायला. येताना गाडीत डोक्यात एकच शब्द, सूनसुद्धा.

१६ सप्टेंबर

जेवताना बोलले. म्हटलं, मी शिकते, माझ्या नावावर करू. बाबांनी पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढे केला तो रागाने आपटलाच, पाणी सगळं भातात. आईंनी मुकाट्याने पुसलं.

संमती देणार का, ते कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

१८ सप्टेंबर

संदीपचा फोन आला. मागे वाऱ्याचा नुसता घोंघाट. "तू कशाला बंदुकीच्या नादाला लागतेस? बोटी बंद झाल्या की मी येतोच ना." मी म्हटलं, "बोटी बंद होतात मे संपताना. डुकरांना सांगू का, तोवर थांबा म्हणून?" तो हसला. मग म्हणाला, "बाबा काय म्हणतात?"

"बोलतच नाहीत. माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात."

"मग शिक तू. बघू."

बघू म्हणजे हो की नाही, हे मला या माणसाशी लग्न करूनही कळलेलं नाही. मी हो धरलं.

२१ सप्टेंबर, रविवार

पहिला वर्ग. तलासरीहून एसटीने डहाणू, तिथून रिक्षा. एका संस्थेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे पुरुष. चिकूच्या वाड्या राखणारे, बँकेच्या गाडीवरचे, एक घोलवडचे नविनभाई, त्यांच्याकडे बंदूक आहे आणि आता त्यांना रिव्हॉल्व्हर हवंय. मला बघून म्हणाले, "बेन, शिवणक्लास वरच्या माळ्यावर." मीही वर बघितलं. वर माळाच नव्हता. मग कळलं, चेष्टा होती.

शिकवायला बाई आल्या तेव्हा नविनभाई सरळ बसले. भाविनी तांडेल. वाढवणकडच्या, घरची बोट आहे, आई अजून डहाणूच्या बाजारात मासळी विकते. कॉलेजात एनसीसीत रायफल शिकल्या, मग स्पर्धांमध्ये गेल्या. आवाज असा की मागच्या रांगेतल्यालाही वाटावं आपल्यालाच विचारतायत.

आज बंदुकीला हात लावू दिला नाही. चार गोष्टी म्हणून घेतल्या. बंदूक नेहमी भरलेलीच समजायची. तिचं तोंड कधी माणसाकडे करायचं नाही. चाप ओढायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर. आणि बार काढायच्या आधी नेम काय आहे आणि नेमाच्या मागे काय आहे ते ठाऊक पाहिजे.

नविनभाई म्हणाले, "मॅडम, नेम दिसला की झालं ना. मागचं कोण बघत बसतो?"

"छर्रा बघत नाही, नविनभाई, म्हणून तुम्ही बघायचं."

घरी येऊन आईंना चारही गोष्टी म्हणून दाखवल्या. बाबा ओट्यावर पाठ करून बसले होते. मी थांबले तसे ते विडी विझवून उठून गेले. इतकाही कंटाळा करू नये माणसाने.

२४ सप्टेंबर

बाबांची बंदूक खुंटीला लटकते ती भरलेली असते. इतकी वर्षं मी तिच्याखाली केर काढलाय. आज म्हटलं, "बाबा, घरात ठेवताना रिकामी ठेवावी." म्हणाले, "डुकरं काय चिठ्ठी पाठवून येतात? घरात शाळा आणू नको."

संध्याकाळी मात्र ओट्यावर बसून तिची दारू काढत होते. मी लांबून बघत होते हे त्यांना कळलं असणार, कारण अर्धी दारू डब्यात आणि अर्धी मुद्दाम बाहेर सांडली. गुडघ्यावर, ओट्यावर. सांडलेली आईंनी ओल्या फडक्याने टिपली.

५ ऑक्टोबर, रविवार

आज खरी बंदूक. डोंगराच्या बाजूला, मागे मातीचा उंच बांध, पुढे कागदी निशाणं. माझी पाळी आली. दस्ता खांद्यात घट्ट धरायचा, गाल टेकवायचा, श्वास अर्धा सोडायचा. सगळं केलं आणि बार काढताना डोळे मिटले. निशाण जिथल्या तिथे, कोरं.

मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटून काढलेला बार कोणाचा असतो, दक्षा?"

मी नळी खाली केली.

"कोणाचाच नसतो. म्हणून तो कोणालाही लागतो. परत."

दुसऱ्या वेळी डोळे उघडे राहिले. निशाणाच्या कोपऱ्याला दोनतीन भोकं पडली. खांदा अजून ठणकतोय.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला आवडलं ते. सुरुवातीला वाटत होतं शेतासाठी करतेय. आज येताना गाडीत वाटलं की शेत नसतं तरी मी पुढच्या रविवारी गेले असते. बाईमाणसाने असं वाटून घ्यावं की नाही, माहीत नाही. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला भाला फेकायला आवडायचा, पोर असताना." हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

९ ऑक्टोबर

आजचं आजच लिहिते.

उजाडायच्या सुमाराला ओढ्याकडून चपचप आवाज आला. धुकं होतं, खाचराच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. बाबांनी बंदूक भरली आणि निघाले. मी मागोमाग. परवाना त्यांचा आहे, मी बंदुकीला हात लावणार नव्हते. नुसती बरोबर गेले.

बांधाशी पोचलो. समोरचं भात हलत होतं. काहीतरी काळं, वाकलेलं, खालच्या खाली सरकत होतं. बाबांनी बंदूक खांद्याला लावली, बोट चापावर.

डुक्कर असतं तर मधेच फुरफुरलं असतं. हे फुरफुरत नव्हतं. मला ते काय आहे ते माहीत नव्हतं आणि त्याच्या मागे काय आहे तेही माहीत नव्हतं. मी त्यांच्या पाठीमागे होते. ओरडले नाही, दचकून बार सुटला असता. कानाशी जाऊन हळू म्हटलं, "बाबा, बोट बाहेर काढा. नळी खाली."

का कोण जाणे, त्यांनी ऐकलं. नळी खाली झाली. मग मी मोठ्याने विचारलं, "कोण आहे तिकडे?"

भातातून डोक्यावर काळी घोंगडी घेतलेली रखमी उभी राहिली. शेजारची रखमी. हातात विळा. "मी गं. बांधावरचं गवत कापते. डुकरांनी माझं पण खाल्लं, बैलाला काय घालू?" तिला काहीच कळलं नव्हतं. भारा उचलून ती गेलीसुद्धा.

बाबा तिथेच चिखलात बसले. बंदूक बाजूला, तोंड रिकाम्या शेताकडे.

म्हणाले, "मला रखमी नाय दिसली."

"मलाही आधी नाही दिसली, बाबा. धुकं होतं."

"तुला धुकं आज आहे. मला होळीपासून आहे." मग हाताचा चिखल पुसत, "तू पण नीट नाय दिसत. आवाजावर चालतो मी."

मी त्यांच्या शेजारी बसले. दुसरं काय करणार. पाणी, दारू, रिक्षा, सगळं एकदम डोक्यात आलं. मी तो त्यांचा राग समजत होते.

घरी आल्यावर आई म्हणाल्या, "मला शपथ घातली होती. म्हणाले, कळलं तर बंदूक जाईल आणि मग मी घरात कोण?"

१० ऑक्टोबर

बाबा सकाळीच बंदूक कापडात गुंडाळून बाहेर पडले. बरोबर रखमीचा नवरा भिका. कुठे जाताय विचारलं तर म्हणाले, "तलासरीला." का, ते नाही. दिवेलागणीला परतले, बंदूक नव्हती. जेवले आणि झोपले. काल मी त्यांना आपल्याच शेतात, दुसऱ्याच्या बायकोसमोर बंदूक खाली करायला लावली. तोच राग घेऊन ते कार्यालयात गेले असणार. सुनेच्या नावावर परवाना नको, असं लिहून दिलं असेल. बंदूकसुद्धा विकली असेल.

त्यांना तो अधिकार आहे. तरी वाईट वाटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

परीक्षेला जाऊ की नको, असं रात्रभर चाललं होतं. आईंनी पहाटे उठवून भाकरी बांधून दिली, म्हणून गेले.

लेखी सोपी होती. मग मॅडमनी प्रत्येकाला बंदूक हातात देऊन काय काय करायला लावलं. उघडून रिकामी आहे का बघणं, दुसऱ्याच्या हातात देणं, कुंपण ओलांडताना काय करायचं ते. नविनभाई बोट चापावर ठेवून कुंपण ओलांडले. मॅडमनी त्यांना पुढच्या तुकडीत बसायला सांगितलं. भले गृहस्थ, बाहेर येऊन मला म्हणाले, "बेन, तू पास झालीस ते बरं झालं. एकाने तरी घोलवडच्या बाजूची अब्रू राखली." मी घोलवडची नाही, झरीची आहे, पण ठीक.

रखमीचं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे पुढच्या तुकडीला सांगू का? तुझं नाव न घेता."

"घ्या नाव. फक्त बाबांचं नको."

प्रमाणपत्र मिळालं. घरी कुठे ठेवू कळेना, तांदळाच्या पिंपावर ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर बाबा ते डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बसले होते. उलटं. दिसत नाही तर मला विचारायचं होतं, म्हणजे माझ्यावरचा राग अजून गेला नसावा.

२ नोव्हेंबर

भात कापून झालं. डुकरांनी ठेवलं ते आमचं.

आज एक गंमत झाली. संमती नसली तरी माझा अर्ज टाकून ठेवावा म्हणून तलासरीला निघाले, शेअर रिक्षात चढले तर रिक्षावाल्याने पुढची सीट रिकामी करून दिली. "तूच ना हिरूबाबाची सून, बंदूकवाली?" मी लाजले. बाबांनी माझी केलेली तक्रार गावात पसरली वाटतं.

१९ नोव्हेंबर

परवान्याच्या अर्जाची चौकशी करायला पोलीस आले. मी चहा ठेवेपर्यंत हवालदार ओट्यावर ऐसपैस बसले. मला वाटलं होतं उलटसुलट विचारतील. ते म्हणाले, "ताई, तुमच्याबद्दल विचारायचं काही राहिलंच नाही. हे बाबा महिनाभरात तीनदा ठाण्यात येऊन गेले. स्वतःची बंदूक जमा केली, संमतीवर अंगठा दिला, आणि दर वेळी भातातली ती गोष्ट सांगतात. आमच्या सगळ्या शिफ्टला पाठ झाली."

बाबा गोठ्याकडे निघून गेले होते.

मी आत येऊन चुलीपुढे बसले. आई म्हणाल्या, "धूर लागला का गं डोळ्याला?" मी हो म्हटलं.

१४ डिसेंबर

बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार झाले. मी विचारलं तेव्हा नाही म्हणाले होते. रखमीने विचारलं तेव्हा हो म्हणाले. म्हणे, "तिला एकदा नीट बघून माफी मागायची आहे." तिने हात जोडले, "काका, मला बघण्यासारखं काय आहे, चिकूच्या वाडीत काम करून करून मी चिकूसारखीच झाले."

१८ डिसेंबर

पहिल्या डोळ्याची पट्टी काढली. दवाखान्याच्या बाकावर बाबा बराच वेळ समोरची भिंत बघत होते. मग रस्ता. मग आई. आईंना म्हणाले, "तू म्हातारी झालीस." आई म्हणाल्या, "तुमची वाट बघत."

मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं पदर नीट नाही की काय. म्हणाले, "खांदा उतरलाय तुझा. तेल लावत जा." मॅडमनी शिकवल्यासारखा दस्ता घट्ट धरला की आता दुखत नाही, असं सांगणार होते, पण नाही सांगितलं. तेल लावेन.

११ फेब्रुवारी

पालघरला मुलाखत. साहेबांनी विचारलं, "बंदूक मिळाल्यावर पहिल्यांदा काय कराल?" तयारी केलेली सगळी उत्तरं विसरले. म्हटलं, "रिकामी आहे का ते बघेन." ते हसले नाहीत, लिहून घेतलं. बरं की वाईट, कळलं नाही.

९ एप्रिल

परवाना आला. माझं नाव. दक्षा, नवऱ्याचं नाव, गाव झरी. आईंनी देवापुढे ठेवला. संदीपला फोटो पाठवला, त्याचा संध्याकाळी संदेश आला, "बोटीवर सगळ्यांना दाखवला." म्हणजे सप्टेंबरातलं ते बघू, हो होतं.

२३ मे

बंदूक आणून आठवडा झाला. लोखंडी कपाटात कुलपात ठेवलीय, काडतुसं वेगळ्या पेटीत. विहिरीजवळच्या तुकड्यात भुईमूग काढणीला आलाय आणि डुकरांना शेंगांचा वास लागला.

आज सूर्य बुडताना आली. पाच-सहा असतील, मोठी मादी पुढे. बाबा म्हणाले, "चल." मी काडतुसं घातली, नळी खाली धरून गेले. माझ्यापासून शंभर पावलंसुद्धा नसतील. बार त्यांच्या अंगावर काढायचा नव्हताच, जवळच्या मातीत काढला तरी पळतात. पण त्यांच्या मागे छर्रे अडवायला बांध नव्हता. उतार होता, आणि उताराखाली खालच्या पाड्याची पायवाट. मेमध्ये लग्नं असतात, माणसं येत-जात असतात. पायवाट मला इथून दिसत नव्हती.

मी बंदूक उघडली आणि काडतुसं काढून घेतली.

"अगं, कोणी नाय तिकडे," बाबा म्हणाले. "मला लांबचं आता चांगलं दिसतं."

"मला दिसत नाही, बाबा."

डुकरं आमच्या देखत शेंगा उकरत होती. मग बाबांनी विहिरीवरचा पत्र्याचा डबा उचलला आणि दगडाने बडवायला लागले. मी ओरडायला लागले, आई घरातून थाळी वाजवत आल्या. मादी एकदा थांबली, आमच्याकडे तोंड केलं. मला वाटलं चूक केली मी. मग वळली आणि सगळी तिच्या मागे. जाताना दोन ओळी पार उखडून गेली.

पायवाटेवर कोणीही नव्हतं. मी जाऊन बघून आले.

२४ मे

सकाळी भिका हसत आला. "एवढा परवाना, एवढं शिक्षण, आणि डबा वाजवला म्हणे?"

मला तोंड लपवावंसं वाटलं. दोन ओळी शेंगा गेल्या हे खरंच आहे. दुसऱ्या कोणी बार काढला असता तर त्या वाचल्याही असत्या.

बाबा दात घासत होते. म्हणाले, "भिका, त्या दिवशी भातात ही माझ्यामागे नसती, तर आज तू हसायला आला असतास का?"

भिका ओट्यावर बसला. आईंनी त्याला चहा दिला. चहा संपवून तो म्हणाला, "खालच्या बाजूला मातीचा बांध घातला तर? मी येतो दोन दिवस हाताशी." बाबा म्हणाले, "चार फूट उंच लागेल." दोघं फावडी घेऊन जागा बघायला गेले.

दुपारी मॅडमचा फोन. जूनमध्ये नवी तुकडी आहे आणि या वेळी पूर्वेकडच्या गावांतून बायकांनी नावं दिलीत. डोंगरातल्या बायका, शेत राखणाऱ्या. रखमीचंही नाव आहे, ती मला एका शब्दाने बोलली नाही. मॅडम म्हणाल्या, "पहिला तास तू घे, दक्षा. तुझं त्या ऐकतील."

मी म्हटलं, विचारून सांगते. मला चारचौघांत बोलता येत नाही. शिवाय भुईमूग अजून जमिनीत, संदीप येईल तो बोट लागल्यावर, आणि डुकरं पुन्हा येणारच.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते भिकाबरोबर दिवसभर माती ओढून आले होते, दंडापर्यंत लाल. मला वाटलं, नाही म्हणतील.

"जा तू," ते म्हणाले. "भुईमुगाकडे मी बघतो."